पांढरी पाच, काळी पाच

गणपतीत दादाच्या डोंबिवलीच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. आरती झाली, जेवणं झाली, मोठी माणसं मिळेल त्या जागी आडवी झाली आणि पोरांनी एक खेळ काढला. एकानं मोबाइलवर गाणं लावायचं, बाकीच्यांनी ते कोणत्या सालचं ते ओळखायचं. हिंदी झाली, मराठी झाली, मग दादाच्या धाकट्या लेकीनं 'लिव्हिन ऑन अ प्रेअर' लावलं. गिटारचा तो बोबडा, घशातून निघणारा आवाज सुरू झाला मात्र, स्वयंपाकघरात भांडी लावत असलेला दादा तिथूनच ओरडला, "शहाऐंशी!" लेक म्हणाली, "चूक. चौऱ्याण्णव." दादा हात पुसत बाहेर आला. तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. अल्बमचं नाव 'क्रॉस रोड', शेजारी साल १९९४. "अगं, तो संग्रह आहे," दादा म्हणाला, "जुनी गाणी एकत्र करून काढलेला. हे गाणं शहाऐंशीचंच." "पण बाबा, इथं लिहिलंय ना!" आणि मग माझ्याकडे वळून, "आत्या, तू सांग." मी दादाच्या बाजूनं बोलले. गाणं 'स्लिपरी व्हेन वेट'मधलं, तो अल्बम ऑगस्ट १९८६चा, यात वाद नाही. पण बोलताना मनातून मी त्या पोरीच्या बाजूची होते.

परतीच्या स्लो लोकलमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं. दादाकडे पुरावा होता, पोरीकडे मोबाइल होता, आणि माझ्याकडे फक्त एक खात्री होती की हे गाणं चौऱ्याण्णवच्या आधी जगात असूच शकत नाही. बॉन जोव्ही या अमेरिकी रॉक बँडची सगळी गाणी आमच्या घरी एकाच दिवशी आली, 'क्रॉस रोड'च्या कॅसेटमधून. 'रनअवे' त्यांच्या १९८४च्या पहिल्या अल्बममधलं. 'वाँटेड डेड ऑर अलाइव्ह' मधल्या भरभराटीच्या काळातलं. 'कीप द फेथ' १९९२चं, त्यांनी लांब केस कापून टाकल्यानंतरचं. 'ब्लेझ ऑफ ग्लोरी' तर बँडचंही नाही, जॉन बॉन जोव्हीनं १९९०मध्ये एकट्यानं केलेलं. आणि 'ऑल्वेज' अगदी कोरं, त्या संग्रहाच्या वेळीच पहिल्यांदा बाहेर पडलेलं. त्या माणसांच्या आयुष्यात या गाण्यांमध्ये दहा वर्षांचं अंतर होतं, दौरे होते, भांडणं होती. आमच्या टू-इन-वनमध्ये त्या अंतराच्या जागी टेपची थोडीशी सरसर होती, बस.

कॅसेट दादानं आणली होती. तो तेव्हा फोर्टात एका झेरॉक्सच्या दुकानात होता. पगार शनिवारी हातात पडायचा, आणि दुकानातून निघून काळा घोड्यापर्यंत चालत गेलं की ऱ्हिदम हाऊस. तिथे तो बऱ्याच शनिवारी नुसता जाऊन यायचा. थंडगार दुकान, काचेआड ओळीनं लावलेल्या कॅसेटींच्या पाठी, कोऱ्या प्लास्टिकचा वास. इंग्रजी कॅसेट हिंदीपेक्षा बरीच महाग असायची आणि एक घेतली की पुढचे कितीतरी शनिवार फक्त बघण्यात जायचे. म्हणून घ्यायची ती कोणती, यावर त्याचा खूप विचार चालायचा. संग्रह त्यानं का घेतला, हे मला तेव्हाही कळलं होतं. एका कॅसेटच्या पैशात एका बँडची दहा वर्षं मिळत होती. त्यानं ती खोलीत आणली तेव्हा आधी आईनं किंमत विचारली, आणि त्यानं सांगितली ती खरी नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की संग्रह ऐकणाऱ्यांना खऱ्या रॉकवाल्यांच्यात किंमत नसते. रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक ऐकायला जाणारी, काळे टीशर्ट घातलेली मुलं आमच्या वर्गात होती. त्यांच्या मते बॉन जोव्ही म्हणजे मुलींचा बँड आणि 'बेस्ट ऑफ' म्हणजे आळशी लोकांचं ऐकणं. अल्बम आख्खा ऐकायचा असतो, कलावंतानं ज्या क्रमानं मांडला त्या क्रमानं, असं ते सांगायचे. त्यांचं म्हणणं कलेच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण तसं ऐकायला आधी सगळे अल्बम घरात यायला लागतात. आमच्या चाळीत एका मजल्यावर जेवढी घरं होती त्या सगळ्यांत मिळून इंग्रजी गाण्यांची ही एक कॅसेट होती, आणि ती ऐकली जायची ती पार शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ठोक्यापर्यंत, कारण पुढे पळवली तर टेप ताणली जाते अशी दादाची ताकीद होती. आख्खं ऐकणं याहून वेगळं काय असतं? संग्रह हा आमचा आख्खा अल्बम होता. त्याचा क्रम हाच आमचा क्रम. आजही 'कीप द फेथ' संपलं की कान 'समडे आय विल बी सॅटर्डे नाइट'ची वाट बघतात.

लालबागच्या त्या खोलीत गाणं एकट्यानं ऐकायची सोय नव्हती. दादानं काही लावलं की ते आईनं ऐकलं, बाबांनी ऐकलं, शेजारच्या काकींनीही ऐकलं. बाबा ऐकत नाहीत असं आम्हाला वाटायचं. ते गॅलरीत बाकड्यावर बसून असायचे, प्रभादेवीच्या एका सोसायटीत रात्रीच्या वॉचमनकीला जायच्या आधी. एका संध्याकाळी 'लिव्हिन ऑन अ प्रेअर' चालू असताना, शेवटाकडे जिथे सगळं क्षणभर थांबल्यागत होतं आणि मग तेच धृपद एकदम वर उचललं जातं, तिथे बाबा दारात आले. म्हणाले, "पट्टी चढवल्यान बघ. पांढरी पाचार होतो, काळी पाचार गेलो." दादानं कॅसेट थांबवली. मागे घेतली. पुन्हा लावली. बाबांनी हवेतच बोटं ठेवली, आधी एका जागी, मग तीन पट्ट्या वर. मी पुढे कुठल्या कुठल्या गिटारवाल्यांकडून खात्री करून घेतली आहे. धृपद जी स्वरापासून आहे आणि शेवटी ते बी फ्लॅटवर जातं. पेटीच्या भाषेत पांढरी पाचवरून काळी पाचवर. एक इंग्रजी अक्षर न कळणाऱ्या माणसानं, रस्त्यावरच्या बेस्टच्या आवाजात, ते नेमकं पकडलं होतं.

बाबा आमच्या वाडीच्या भजन मंडळात पेटी वाजवायचे. कणकवलीकडची ती मंडळी लालबाग-परळमध्ये जमायची, रात्रपाळी नसलेल्यांची तालीम चालायची, डबलबारी लागली की दोन बुवा समोरासमोर आणि पहाटेपर्यंत गजर. हे सगळं मी ऐकून सांगते आहे. माझ्या आठवणीत पेटी नाहीच. आठवणीत आहे ती माळ्यावरची एक चौकोनी मोकळी जागा, जिथे आई कधी काही ठेवायची नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चारची, दादा दहाचा. अडीच लाख कामगार, डॉक्टर सामंत, नंतर काय काय झालं, हे या शहरात कुणाला नव्यानं सांगायला नको. आमच्या घरापुरतं सांगायचं तर आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग तांब्या-पितळेची भांडी गेली, आणि मग पेटी. पाटल्या आणि भांड्यांचं आई बोलायची. पेटीचं दोघांपैकी कुणी बोलायचं नाही. ती नेताना दादा बाबांच्या बरोबर होता, भात्याची बाजू त्यानं धरली होती. एवढं त्यानं मला सांगितलंय, तेही फार उशिरा.

त्या संध्याकाळी पट्टीचं कौतुक झाल्यावर बाबा आत येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "काय म्हणता तो?" दादानं कॅसेटच्या कागदाची घडी उलगडली, शब्द नव्हतेच त्यावर, पण त्यानं गाणं ऐकून ऐकून एका वहीत उतरवलं होतं. तो सांगायला लागला. टॉमी नावाचा एक माणूस आहे, गोदीत काम करायचा. आता संप आहे. हाताला काम नाही. त्याची गिटार होती, ती गहाण पडलीय. त्याची बायको जिना, ती एका हॉटेलात दिवसभर राबते, पैसे घरी आणते. रात्री ती रडते, तो तिला धीर देतो. दोघांनी एकमेकांना धरून ठेवलंय. दादा हे सांगत होता आणि गिटार गहाण पडल्याचं सांगताना त्याचा आवाज खाली गेला. मला कळलं नाही का. बाबा शांतपणे ऐकत होते. पोळ्या लाटता लाटता आईनंही ऐकलं होतं, कारण तिनं मान न वळवता विचारलं, "दिसभर उभी रवता काय ती?" दादा म्हणाला, असेल. आई पुढे काही बोलली नाही. ती स्वतः संपाआधी खानावळ चालवायची, बिनकुटुंबी कामगारांची. गिरणीच बंद म्हटल्यावर जेवणारे गावाला गेले, उधारी बुडाली, आणि मग ती दुसऱ्याच्या पोळीभाजी केंद्रात लाटायला उभी राहिली. कितीतरी वर्षं उभीच होती.

मग बाबांनी विचारलं.

"मगे, संप मिटलो?"

दादाकडे उत्तर नव्हतं. गाण्यात ते नाही. गाणं तिथे जातच नाही, ते त्या दोघांच्या हातात हात देऊन, पट्टी चढवून, हळूहळू आवाज कमी होत संपतं. दादा म्हणाला, "ते नाही सांगितलं बाबा." बाबांनी मान हलवली आणि डबा घेऊन कामावर गेले. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. चेहऱ्यावर एका जाणत्या माणसाचा रस होता. गिरण्यांचा संप मागे घेतल्याची घोषणा कुणी कधीच केली नाही. तो नुसता विरत गेला. बाबांना असलं न संपणारं माहीत होतं, आणि न्यू जर्सीच्या कुणा पोराला ते कसं माहीत, याचं त्यांना कुतूहल वाटलं असावं.

त्या पोराला ते थोडंफार घरातून माहीत होतं, हे मी पुढे वाचलं. जॉनचे वडील केस कापायचे, आई फुलं विकायची. जिना मात्र दुसऱ्याकडून आली. हे गाणं जॉन, गिटारवाला रिची सॅम्बोरा आणि डेझ्मंड चाइल्ड अशा तिघांनी लिहिलं. चाइल्डची मैत्रीण मारिया व्हिडाल हॉटेलात वाढपी म्हणून काम करायची, तिच्यावरून ही जिना. आणि गंमत बघा, जॉनला सुरुवातीला हे गाणं फारसं आवडलंच नव्हतं. अल्बममध्ये नको म्हणत होता. सॅम्बोरानं हट्ट धरला म्हणून ते पुन्हा बांधलं गेलं आणि त्यात तो बोलणाऱ्या गिटारचा आवाज आला. एक प्लास्टिकची नळी तोंडात धरायची, गिटारचा आवाज नळीतून तोंडात येतो, ओठ हलवून त्याला आकार द्यायचा आणि समोरच्या माइकनं तो उचलायचा. बाबा असते तर त्यांना हे सगळं सांगायला मला फार आवडलं असतं. त्यांना नळीचं विशेष वाटलं असतं.

दादाचं गाणं मात्र ते नव्हतं. त्याचं गाणं होतं तिसरं, 'समडे आय विल बी सॅटर्डे नाइट'. ते नवं होतं, या संग्रहासाठीच आलेलं, आणि त्यातही एक काम नसलेला माणूस आहे. जिम त्याचं नाव. नोकरी टिकत नाही, गाडीत झोपतो, आज सोमवार असला तरी एक दिवस मी शनिवारची रात्र होईन म्हणतो. टॉमीकडे संप होता, युनियन होती, भांडायला कुणीतरी समोर होतं. आठ वर्षांनंतरच्या जिमकडे तेवढंही नाही. तो एकटा आहे आणि नेमकं काय चुकलं हे त्याला कळत नाही. १९९४मध्ये हे त्या बँडनं ठरवून केलं की आपोआप झालं, मला सांगता येणार नाही. पण पहिल्या गाण्यातला माणूस आणि तिसऱ्यातला माणूस एका बाजूवर एवढे जवळ ठेवल्यामुळे आमच्या घरात बाप आणि मुलगा शेजारी येऊन बसले. बाबांच्या पिढीला गिरणी सुटल्याचं दुःख होतं. दादाच्या पिढीला गिरणीत शिरताच आलं नाही. झेरॉक्स, कुरियर, मग एका गोदामात हिशेब, मग पुन्हा झेरॉक्स. खऱ्याखुऱ्या शनिवारी पगार घेऊन तो काळा घोड्याला जायचा आणि येताना लोकलच्या दारात उभा राहून हे गाणं गुणगुणायचा. त्याला ते गाणं उत्साहाचं वाटायचं. मला आजही ते ऐकवत नाही.

आणि माझं गाणं 'ऑल्वेज'. त्याबद्दल मी काय लिहू? सोळा वर्षांच्या मुलीनं सहा मिनिटांचं ते विरहगीत रात्री गॅलरीच्या टोकाला बसून ऐकावं, आपल्याला अजून कुणी भेटलेलंही नाही याची पर्वा न करता रडावं, यासाठीच ते होतं. चॅनल व्हीवर त्याचा व्हिडिओ लागायचा, समोरच्या इमारतीत केबल होती, आम्ही मैत्रिणी त्यांच्या खिडकीतून बघायचो, आवाजाशिवाय. हे गाणं मुळात १९९३च्या एका चित्रपटासाठी लिहिलेलं. चित्रपट पाहून जॉनचं मन उतरलं आणि त्यानं गाणं देण्याचं रद्द केलं. ते तसंच पडून होतं. संग्रह काढायच्या वेळी बाहेर आलं आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत, ब्रिटनमध्ये दुसऱ्यापर्यंत गेलं. म्हणजे संग्रहात 'नवं' म्हणून घातलेलं गाणंही कपाटातून काढलेलं होतं. तरीही त्यात जो ताजेपणा आहे तो मला त्यांच्या नंतरच्या कुठल्याही विरहगीतात मिळाला नाही.

संग्रहात नवी गाणी का घालतात, याचं कारण साधं आहे. ज्यांच्याकडे जुने अल्बम आहेत त्यांनी पुन्हा पैसे का मोजावेत? म्हणून एक-दोन नवी गाणी, जी दुसरीकडे मिळणार नाहीत. बहुतेक वेळा ती गाणी तशीच वाटतात, तिकिटाबरोबर मिळालेल्या कुपनासारखी. बॉन जोव्हीनं २०१०मध्ये पुन्हा संग्रह काढला, त्यातही नवी गाणी घातली, आणि ती ठेवली शेवटी. मी ती ऐकली, मनापासून ऐकली. नेटकी आहेत. पण जुन्यांच्या पंगतीला बसल्यागत ती वागत नाहीत, पाहुण्यांच्या रांगेत उभी राहतात. 'क्रॉस रोड'मध्ये दोन्ही नवी गाणी तिसरी आणि चौथी आहेत, भर वस्तीत. ज्यानं हा क्रम लावला त्यानं त्या गाण्यांवर विश्वास टाकला होता. ते वर्षही तसं या बँडला सोपं नव्हतं. सिएटलकडच्या, नव्या धाटणीचं खरखरीत रॉक वाजवणाऱ्या पोरांनी सगळं उलटंपालटं करून टाकलं होतं, मोठे केस आणि मोठी धृपदं यांना कुणी विचारत नव्हतं. अशा वेळी संग्रह काढणं म्हणजे दुकान आवरणं, असंच लोकांना वाटलं असणार. त्यांनी त्याच संग्रहात 'ऑल्वेज' ठेवलं, आपल्या सर्वांत जास्त खपलेल्या गाण्यांपैकी एक. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, तो कुणी काळा टीशर्ट घालून हसलं तरी कमी व्हायचा नाही.

दादाला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटतो तो बास वाजवणारा ह्यू मॅकडॉनल्ड. 'रनअवे' रेकॉर्ड झालं तेव्हा बॉन जोव्ही नावाचा बँडच उभा नव्हता. जॉन न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत, नात्यातल्या माणसाकडे पडेल ते काम करायचा, आणि स्टुडिओत वाजवणाऱ्या कलाकारांना घेऊन त्यानं ते गाणं केलं. त्यात बास मॅकडॉनल्डचा होता. मग बँड तयार झाला, बासवर अ‍ॅलेक जॉन सच आला, दहा वर्षं गाजली. १९९४च्या नोव्हेंबरमध्ये, 'क्रॉस रोड' आल्यावर महिन्याभरात, सच बाहेर पडला. त्याच्या जागी कोण आला? मॅकडॉनल्ड. पुढची बावीस वर्षं तो वाजवत होता आणि अधिकृत सदस्य नव्हता. फोटोत नसायचा. २०१६ला त्याला बँडचा माणूस म्हणून घेतलं. दादानं हे वाचलं त्या दिवशी मला फोन करून म्हणाला, "अगं, हा बदलीवाला आहे!" बाबा गिरणीत कितीतरी वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी भोंग्याच्या वेळी दारात जायचं, कुणी रजेवर असेल तर काम, नाहीतर घरी. कायम व्हायची वेळ आली आणि संप आला. २०१८मध्ये क्लीव्हलंडला बँडचा मोठा सन्मान झाला तेव्हा सच आणि मॅकडॉनल्ड दोघंही मंचावर होते, २०१३मध्ये सोडून गेलेला सॅम्बोराही आला होता. दादानं तो व्हिडिओ मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दोन्ही पाळ्या एकत्र." सच २०२२मध्ये गेला. आमच्या कॅसेटवर, विचार केला तर, दोघांचा बास एकाच टेपवर होता, आणि सर्वांत जुनं गाणं वाजवणारा तो पुढे येणारा माणूस होता.

हे सगळं मांडायला बसलं की जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हा प्रश्न हातातून निसटतो.

बॉन जोव्ही १९९५मध्ये मुंबईत येऊन गाऊन गेले. खरोखर आले. दादाला तिकीट परवडलं नाही. त्या रात्री त्यानं कॅसेट लावली नाही आणि आम्हीही लाव म्हटलं नाही. नंतर बाबा-आई गावाला राहायला गेले, चाळ पाडायची बोलणी सुरू झाली, कॅसेट कुणीतरी मागून नेली. २०००मध्ये 'इट्स माय लाइफ' आलं. त्यात टॉमी आणि जिना पुन्हा येतात, एका ओळीपुरते. माघार न घेतलेली माणसं म्हणून त्यांचं नाव घेतलंय. दादानं ते ऐकलं आणि गावाला फोन लावला. तेव्हा शेजारच्या घरी फोन करून बाबांना बोलवून आणावं लागायचं. बाबा धापा टाकत आले, त्यांना वाटलं काही वाईट घडलं. दादा म्हणाला, "बाबा, तो गोदीतला टॉमी आठवतो? त्याचं पुढचं गाणं आलंय." बाबांना आठवत होता. त्यांनी विचारलं, "एकत्र आसत मां दोघां?" दादा म्हणाला, "हो, आहेत." "मगे बरां," बाबा म्हणाले आणि मग पावसाचं, भाताचं, माझ्या लग्नाचं बोलणं झालं. संपाचं त्यांनी त्या वेळी विचारलं नाही.

'क्रॉस रोड'च्या अमेरिकेतल्या आवृत्तीत आणखी एक गाणं होतं, जे आमच्या कॅसेटवर नव्हतं. 'प्रेअर ९४'. तेच जुनं गाणं, पुन्हा बांधलेलं. त्यात बोलणारी गिटार नाही, मोठ्या मैदानासाठी केलेलं काहीच नाही. लय संथ, आवाज दमलेला. मी ते पहिल्यांदा मोबाइलवर ऐकलं, दादरला पुलावर, गर्दीत उभी राहून, आणि माझे पाय जागीच थांबले. मागच्या बाईनं ढकललं तेव्हा पुढे गेले. त्यात टॉमी आणि जिना तरुण नाहीत. आठ वर्षं झाली आहेत आणि संप मिटलेला नाही, हे त्यात कुठेही म्हटलेलं नसताना ऐकू येतं. बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर १९९४च्या त्याच अल्बमवर होतं, फक्त आमच्या देशात आलेल्या कॅसेटवर ते पोचलं नव्हतं. त्यांना ऐकवलं असतं तर काय म्हणाले असते, याचा मी अंदाज करत बसत नाही. पट्टी कोणती, हे मात्र त्यांनी आधी सांगितलं असतं.

गणपतीनंतर मी मोबाइलवर आमच्या कॅसेटच्या क्रमानं गाणी लावून दादाला पाठवली. त्याचा लगेच फोन. दुसऱ्या बाजूचा क्रम चुकलाय म्हणतो. माझ्या मते बरोबर आहे. कॅसेट कुणाकडेच नाही, त्यामुळे निकाल लागत नाही. पण खरं भांडण वेगळ्यावरून आहे. त्याचं म्हणणं, यादीत शेवटी 'प्रेअर ९४' घाल. मी म्हटलं, ते आपल्या कॅसेटवर नव्हतं, मग कसं घालू? तो म्हणाला, "नव्हतं ते चूक होतं. घाल." मी म्हटलं, मग 'इट्स माय लाइफ'ही घालावं लागेल. तो म्हणाला, "ते नको, ते दोन हजारचं." दोन हजारचं नको आणि चौऱ्याण्णवचं न मिळालेलं मात्र हवं, हा कसला हिशेब म्हणून मी वाद घातला, तर पलीकडून त्याच्या लेकीनं फोन ओढून घेतला. "आत्या, मी माझ्या यादीत दोन्ही घातलीत. आणि तुमचं ते संपाचं गाणं दोनदा लागतं, आधी फास्ट, मग स्लो. बाबाला ऐकवलं तर तो म्हणतो क्रम उलटा कर."

रविवारी तो येतोय. तेव्हा बसून ठरवू.